पक्ष्याची नजर आणि आपला प्रमाद

साताऱ्याहून निघालेला रस्ता सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरला जातो आणि तिथून पुढे चाळकेवाडीच्या सड्यावर चढतो. या सड्यावर दोन दशकांहून अधिक काळ पवनचक्क्या फिरत आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी चक्क्या असलेला सडा आणि चक्क्या नसलेला सडा यांची तुलना केली, आणि २०१८ मध्ये तो अभ्यास 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. या कातळावर एक देखणा सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळी, काळी आणि नारिंगी झालर असते आणि विणीच्या दिवसांत तो दगडावर चढून ती उघडमीट करतो. २०१६ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला आपल्या मराठीतलेच 'सरडा' हे नाव दिले. शिकारी पक्षी कमी झाले तिथे हे सरडे वाढले. त्यांच्या रक्तातील तणावाचे संप्रेरक कमी भरले, आणि माणूस पार जवळ येईपर्यंत ते जागचे हलेनासे झाले. पण संख्या वाढली तसे खाणे वाटले गेले, अंगे रोडावली आणि नरांच्या झालरींचे रंग फिके पडले. घारीची नजर उठली आणि सरड्याचा रंग उतरला, असे या अभ्यासाचे सार सांगता येईल. चक्कीच्या पात्याने त्या सरड्याला कधी स्पर्शही केलेला नाही. त्याच्यावर आकाशातून जी नजर असायची ती नाहीशी झाली, एवढ्याने त्याचे भय, त्याचे शरीर आणि त्याचा शृंगारही बदलला.

हा निष्कर्ष पर्यावरणाच्या खात्यात टाकून मोकळे होता येते. मला मात्र त्यात एक जुना तात्त्विक प्रश्न दिसतो आणि तो अधिक मोलाचा वाटतो. पक्ष्याचे पाहणे हे ज्ञान आहे का? आणि असेल, तर त्या ज्ञानाचा आपल्यावर काही हक्क पोचतो का? समर्थ रामदासांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच परिसरात, सज्जनगडावर काढली. दृश्य कोणते आणि द्रष्टा कोण, याचा त्यांच्या दासबोधात पुन्हा पुन्हा विचार आहे. वेदान्ताच्या 'दृग्दृश्यविवेक' या छोट्या प्रकरणग्रंथात तर याची पायरीपायरीने मांडणी आहे: रूप दृश्य आणि डोळा द्रष्टा, मग डोळा दृश्य आणि मन द्रष्टा, आणि शेवटी मनालाही पाहणारा साक्षी. या जिन्यावर साधकांनी वरच्या पायऱ्यांचा कसून शोध घेतला. पहिली पायरी मात्र सगळ्यांनी गृहीत धरली. रूप पाहणारा तो डोळा कोणाचा? माणसाचाच, असे न सांगताच ठरून गेले. माझे म्हणणे असे की पक्ष्याची नजर हे जगाविषयीचे खरे पण अपुरे ज्ञान आहे, आपली नजरही तितकीच खरी आणि तितकीच अपुरी आहे, आणि ज्या आकाशात दोघांचा वावर आहे तिथे दुसऱ्याची नजर विचारात न घेणे ही आपल्या शास्त्रांनी सांगितलेल्या अर्थानेच हिंसा आहे.

आधी पुरावा पाहू. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. दिवसा वावरणाऱ्या बहुतेक पक्ष्यांत त्या चार प्रकारच्या असतात, आणि प्रत्येक शंकुपेशीत तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो. यांतले बरेच थेंब रंगीत असतात. पेशीत शिरणारा प्रकाश या थेंबातून गाळून येतो, त्यामुळे जवळजवळच्या छटाही वेगळ्या पडतात. आपली साळुंकी ज्या कुळातली आहे त्या कुळातल्या युरोपीय मैनेवर प्रयोग झाले आहेत. तिला अतिनील प्रकाश दिसतो आणि जोडीदार निवडताना ती त्याचा उपयोग करते. हा प्रकाश माणसाच्या नजरेच्या पलीकडचा, असे आपण म्हणतो. पण आपल्या दृष्टिपटलाला त्याचा थोडा अंश जाणवू शकतो, डोळ्यातले भिंग तो मध्येच अडवते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढून टाकलेल्या काही माणसांना तो फिक्या निळसर उजेडासारखा दिसल्याच्या नोंदी आहेत. ज्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभारले आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी दूरदूरचे रुग्ण आणले, त्या मुलखातल्या वाचकाला यातले मर्म लगेच कळेल. जे आपल्याला दिसत नाही ते नसते असे नव्हे. कधी कधी ते डोळ्याच्या दारापर्यंत येऊन परत गेलेले असते.

रंगाखेरीज वेगाचे आणि अंतराचेही असेच आहे. एका सेकंदात प्रकाशाची किती उघडझाप वेगळी ओळखता येते, याची मोजमापे झाली आहेत. माणसाला सर्वसाधारणपणे साठेक उघडझापींपुढे ती एकसंध उजेड वाटते. माशीमार आणि वल्गुलीसारख्या छोट्या पक्ष्यांना मात्र सेकंदाला १३० ते १४५ पर्यंतची उघडझाप वेगवेगळी दिसते, असे २०१६ च्या एका अभ्यासात आढळले. ज्याला उडता कीटक हवेतच टिपायचा आहे त्याचे काम आपल्या डोळ्याच्या सवडीने कसे भागेल? गरुडाच्या कुळातल्या मोठ्या पक्ष्यांना माणसाच्या सुमारे दुप्पट बारकाईने दिसते. 'आठपट' वगैरे आकडे सर्रास सांगितले जातात, त्यांना आधार नाही आणि त्यांची गरजही नाही. दुप्पट बारकावाच पुरेसा थक्क करणारा आहे, कारण त्यासाठी या पक्ष्यांच्या प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण दृष्टीचे दोन खळगे असतात, एक बाजूला पाहण्यासाठी आणि एक समोर पाहण्यासाठी.

पण डोळ्याची थोरवी सांगणे हा या मजकुराचा हेतू नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की प्रत्येक नजर काहीतरी देऊन काहीतरी घेते. घुबडाला अंधारात दिसते, कारण त्याचे डोळे नळकांड्याच्या आकाराचे आणि मोठे आहेत. पण त्यामुळेच ते खोबणीत फिरू शकत नाहीत आणि त्याला सगळी मान वळवावी लागते. खटाव तालुक्यात मायणीला आणि येरळवाडीच्या जलाशयावर रोहित पक्षी येतात. रोहित चिखलपाण्यातून चोचीने गाळून खातो, तेव्हा खाण्यासाठी त्याला चोच दिसण्याची गरज नाही. अशाच तऱ्हेने गाळून खाणाऱ्या थापट्या बदकाचे डोळे डोक्याच्या इतके बाजूला आणि वर असतात की त्याला जवळपास सगळ्या दिशांचे दिसते. रोहिताचे तसे नाही. त्याला चोचीच्या टोकापर्यंतचे दिसते आणि त्या बदल्यात त्याच्या डोक्यामागचा भाग आंधळा राहतो. पक्ष्यांच्या दृष्टिक्षेत्रांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रॅहम मार्टिन यांनी याचे कारण दिले: रोहिताला आपल्या पिलाच्या चोचीत नेमके थेंब सोडून भरवायचे असते. बदकाची पिले जन्मताच स्वतः खातात, त्यामुळे बदकाला ही चिंता नाही. पिलाला भरवता यावे म्हणून पाठीमागून येणाऱ्या शत्रूकडे अंधत्व पत्करणारी ही नजर आहे. वात्सल्याने डोळा घडवला, असे मी म्हटले तर ते अलंकारिक वाटेल, पण शरीररचनेत ते तसेच लिहिलेले आहे. पाहणे हे जगण्याशी असे बांधलेले असते, पक्ष्याचेही आणि आपलेही.

आपल्याकडे डोळ्याविषयीचा वाद फार जुना आणि फार सूक्ष्म आहे. नैयायिक म्हणत, डोळा तेजाचा बनलेला आहे, त्याचा किरण बाहेर पडतो आणि वस्तूला जाऊन भिडतो, मगच रूप कळते. यासाठी गौतमांच्या न्यायसूत्रांत एक पुरावाही दिला आहे: रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत किरण प्रत्यक्ष दिसतो. सातारा-सांगलीच्या माळावरच्या रस्त्याने रात्री जाणाऱ्याला रातव्याचे डोळे असेच निखाऱ्यासारखे दिसतात. आज आपल्याला माहीत आहे की ते तेज डोळ्याचे स्वतःचे नाही. डोळ्याच्या आत प्रकाश परतवणारा थर असतो आणि मंद उजेडाचा कणही वाया जाऊ नये यासाठी तो असतो. जैन आचार्यांनी नैयायिकांना उलट उत्तर दिले होते की डोळा वस्तूला भिडत नाही, दुरूनच जाणतो, नाहीतर डोळ्यात घातलेले काजळ डोळ्याला दिसले असते. भौतिकशास्त्राने कौल जैनांच्या बाजूने दिला असे म्हणता येईल, पण मला नैयायिकांचे कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटते. माणसाच्या डोळ्याचा सिद्धान्त मांडताना त्यांनी साक्षीला रात्रीचा प्राणी बोलावला. दुसऱ्या जीवाच्या डोळ्यावरून आपल्या डोळ्याविषयी शिकता येते, ही वाट त्यांनीच उघडली होती.

या वाटेने सर्वांत दूर गेले ते जैन. सांगलीच्या परिसरात हे तत्त्वज्ञान ग्रंथांपुरते नाही. कृष्णा-वारणेच्या काठच्या शेतकरी जैन समाजाची दक्षिण भारत जैन सभा १८९९ पासून काम करते आहे, आणि पावसाळ्यात गावोगावी मुनींचे चातुर्मास होतात. अनेकान्तवाद सांगतो की वस्तूला अनंत धर्म असतात आणि प्रत्येक जाणणारा त्यांतले काही एका बाजूने जाणतो. त्या बाजूला नय म्हणतात. नय खोटा नसतो. तोच सगळे आहे असा आग्रह धरला की तो दुर्नय होतो. हा विचार आज बहुधा माणसांनी एकमेकांची मते ऐकून घ्यावीत एवढ्यापुरता सांगितला जातो. मला ते फार तोकडे वाटते. जैन दर्शनाने जीवांची प्रतवारीच इंद्रियांवर केली आहे. एकेंद्रियांपासून सुरू होणाऱ्या त्या क्रमात डोळा येतो तो चार इंद्रियांच्या जीवांना, आणि पक्षी तर पंचेंद्रिय, म्हणजे इंद्रियांच्या बाबतीत माणसाच्याच पंगतीतले. मग अनेकान्ताचे नय फक्त पंडितांच्या मुखातूनच यावेत असा नियम कुठे आहे? चाळकेवाडीच्या एकाच दगडावर माणसाला शोभेचा सरडा दिसतो, सरड्याच्या मादीला जोडीदार दिसतो, कापशी घारीला भक्ष्य दिसते. तिन्ही नय खरे आहेत आणि त्या दगडाविषयीचे सत्य तिघांच्या बेरजेहून कमी नाही.

यावर पहिला आक्षेप वेदान्त्यांकडून येईल, आणि थोड्या वेगळ्या शब्दांत तो आजच्या सुशिक्षितांकडूनही येतो. प्रत्येकाला वेगळे दिसते, तर मग एक जग आहेच कशावरून? ज्याची त्याची दृष्टी, ज्याची त्याची सृष्टी. मला हा निष्कर्ष मान्य नाही. घारीचे जग आणि सरड्याचे जग निराळी असती तर घारीची झडप सरड्यावर पडली नसती. झडप पडते, सरडा मरतो किंवा बिळात शिरतो, आणि या एका घटनेत दोन्ही नजरा एकमेकींना दुजोरा देतात. चाळकेवाडीचा अभ्यास हेच अधिक ठामपणे सांगतो: एका जीवाची नजर गेली की दुसऱ्या जीवाच्या शरीरात मोजता येईल असा फरक पडतो. स्वप्नांचे असे होत नाही. माझ्या स्वप्नातला माणूस निघून गेल्याने शेजाऱ्याचे वजन घटत नाही. नजरा अनेक आणि जग एक, म्हणून तर त्यांच्यात भय, शिकार, प्रणय आणि फसवणूक शक्य होते. कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि ते कावळ्याच्या अंड्याशी पुष्कळसे जुळणारे असते. ही फसवणूक कावळ्याच्या डोळ्यासाठी रचलेली आहे, आणि आपल्यालाही त्या अंड्यांत साम्य दिसते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. पक्षी पाहतो म्हणजे तो काही जाणतो कशावरून? त्याच्या डोळ्यावर प्रकाश पडतो, पंख हलतात, मध्ये कोणी द्रष्टा असण्याची गरज काय? आणि असलाच, तरी त्याला आतून काय वाटते ते आपल्याला कधीच कळणार नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये वटवाघळाचे उदाहरण घेऊन हे दुसरे म्हणणे प्रभावीपणे मांडले. पहिल्या शंकेचे उत्तर न्यायसूत्रांतच आहे. इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची चिन्हे आहेत, असे गौतम म्हणतात. शेजारच्या माणसाचा आत्मा तरी आपण कुठे पाहिलेला असतो? त्याच्या हालचालींवरूनच आपण त्याचे अनुमान करतो. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी दुसऱ्याच्या चित्ताच्या सिद्धीसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्याचाही आधार हाच आहे. हे अनुमान माणसासाठी चालते आणि पिलाला भरवणाऱ्या रोहितासाठी चालत नाही, असे म्हणायचे तर तसे म्हणणाऱ्यानेच कारण द्यायला हवे. नेगेल यांच्या म्हणण्यातला खरेपणा मी मानतो. खरुची हा छोटा शिकारी पक्षी असणे कसे वाटते, हे मला कळणार नाही. पण खरुचीला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे तपासता येतात. उंदरांच्या मूत्राच्या खुणा खरुचीला अतिनील प्रकाशात दिसतात, असा दावा १९९५ मध्ये झाला आणि जगभर गाजला. २०१३ मध्ये तिच्या डोळ्याची आणि त्या खुणांची नीट मोजमापे झाल्यावर तो डळमळला, कारण शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यात अतिनील प्रकाश फारसा पोचतच नाही. जिथे दावा चुकू शकतो आणि दुरुस्त होऊ शकतो तिथे जाणण्यासारखे काहीतरी असते. दुसऱ्याच्या अनुभवाचा गाभा झाकलेला राहील, पण त्याच्या नजरेच्या सीमा आखता येतात, आणि कर्तव्य ठरवायला तेवढे पुरेसे आहे.

आता त्या सीमांकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गिधाडांचे दृष्टिक्षेत्र मोजले. आपल्या सह्याद्रीतली गिधाडे ज्या प्रजातीतली आहेत त्याच प्रजातीतल्या जाती त्यांनी तपासल्या होत्या. सूर्याच्या चकाकीपासून डोळा वाचावा म्हणून गिधाडाच्या डोळ्यांवर हाडाची छपरी असते, आणि त्यामुळे डोक्याच्या वरचा मोठा भाग त्याला दिसतच नाही. उडताना ते जमिनीवरचे मढे शोधत मान खाली घालते, तेव्हा हा आंधळा भाग नेमका पुढे येतो. ज्या दिशेने ते चालले आहे त्याच दिशेचे त्याला दिसत नाही. लाखो वर्षे यात काही धोका नव्हता, कारण आभाळात आडवे काहीच उभे नव्हते. चक्कीच्या पात्याचे आणखी एक कोडे आहे. पाते जवळ आले की डोळ्याच्या पडद्यावरून त्याची प्रतिमा इतक्या वेगाने सरकते की ते धूसर, जवळजवळ पारदर्शक होते. अमेरिकेत खरुचीच्या डोळ्यावर झालेल्या प्रयोगांतून ही गोष्ट पुढे आली. मग नॉर्वेतल्या स्मोला बेटावर काही चक्क्यांचे तीनपैकी एकच पाते काळे रंगवले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे शेजारच्या न रंगवलेल्या चक्क्यांच्या तुलनेत तिथले पक्ष्यांचे मृत्यू सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. चक्क्या थोड्या होत्या, म्हणून हा आकडा सगळीकडे तसाच येईल असे समजू नये. पण दिशा स्पष्ट आहे: पक्ष्याला काय दिसते हे विचारले, आणि उत्तर मिळाले.

जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली, तिच्यात प्राण घेण्याच्या आधी प्रमाद येतो. नुसता प्राण जाणे ही हिंसा नव्हे. बेसावधपणे, बेफिकिरीने वागल्यामुळे प्राण जाणे ही हिंसा. म्हणून तर मुनींना ईर्यासमिती सांगितली: चार हात पुढची जमीन पाहत पाहत चालावे, पायाखाली जीव येऊ देऊ नये. अहिंसेचा हा मूळ आचार डोळ्याचा आचार आहे. दिगंबर मुनींच्या हातातल्या पिंछीची पिसेही मोराने आपणहून टाकलेली असतात आणि ती जीवजंतू हळुवार बाजूला सारण्यासाठी वापरतात. मला या परंपरेचा मनापासून आदर आहे, आणि त्या आदरापोटीच तिच्यात एक पाऊल पुढे टाकावे असे वाटते. ईर्यासमितीत मी माझ्या डोळ्याने पाहतो आणि माझा पाय सावरतो. पण आज आपण ज्या वस्तू उभ्या करतो त्या आपल्या पावलांसारख्या नाहीत. चक्की, विजेची तार, काचेची इमारत एकदा उभी केली की आपण निघून जातो आणि पुढची सगळी सावधगिरी पक्ष्याच्या डोळ्यावर सोडतो. अशा वेळी माझ्या नजरेला ती तार स्पष्ट दिसते, हे उत्तर पुरेसे नाही. ज्याच्यावर सावधगिरीचा भार टाकला त्याला ती दिसते का, हे न पाहणे म्हणजेच प्रमाद.

'माहीत नव्हते' हा बचाव इथे नेहमी पुढे येतो. काही काळापुरता तो मान्य करावा लागतो. गिधाडे नाहीशी होत होती तेव्हा कारण खरोखर कोणालाच ठाऊक नव्हते. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध त्यांना मारते हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आणली. कळेपर्यंत ती आपत्ती होती, कळल्यावर गप्प बसलो असतो तर ती हिंसा झाली असती. पक्ष्यांच्या नजरेबाबत आपण आता कळल्याच्या बाजूला आहोत. दुसरे म्हणतात, वीज नको का? हवी. खटाव-माणच्या आणि जतच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला वीज हवी, आणि कोळसा जाळून ती मिळवण्यापेक्षा वाऱ्याची वीज बरी, हे मी निःशंकपणे मानतो. चक्क्या पाडा, असे माझे म्हणणे नाही. चक्की उभी करताना वाऱ्याचा वेग, जमिनीचा भाव आणि तारांचे अंतर विचारले जाते, तसे तिथल्या नजरा कोणत्या हेही विचारावे, एवढेच म्हणतो.

आणि हे विचारणे आपल्या धर्मजीवनाला परके आहे असे कोणी म्हणू नये. साताऱ्याजवळ क्षेत्र माहुलीला कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर, सांगलीला कृष्णेच्या घाटावर, दहाव्याला पिंड ठेवून माणसे थांबतात ती एका पक्ष्याच्या नजरेसाठी. घरातला कर्ता, भटजी, जमलेले सगेसोयरे यांच्यापैकी कोणालाही तो विधी स्वतःच्या शब्दाने पुरा करता येत नाही. कावळा शिवला की पुरा. कावळ्याच्या पाहण्याविषयी आपल्या पूर्वजांनी विचारही केला होता. कावळ्याला एकच बुबुळ असून ते दोन्ही खोबण्यांत फिरते, असा काकाक्षिगोलकन्याय संस्कृतात रूढ आहे. हे शरीरशास्त्र चुकीचे आहे, पण त्यामागचे निरीक्षण खरे आहे. कावळा मान तिरकी करून एकदा या डोळ्याने आणि एकदा त्या डोळ्याने पाहतो. कोंबडीच्या पिलांवरच्या प्रयोगांत दिसले आहे की उजवा डोळा दाणा आणि खडा वेगळा ओळखण्यात तरबेज असतो, तर डावा डोळा शत्रूची चाहूल घेण्यात. आपल्याला चंचलपणा वाटतो ती कामाची वाटणी असते.

विवेकवादी इथे थांबवतील. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात त्यांनी थांबवलेच पाहिजे. कावळ्याला मृताची इच्छा दिसते याला पुरावा नाही, आणि पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून विधवेला किंवा मुलाला दोष देणे क्रूर आहे. मला हे दोन्ही मान्य आहे. कावळा का शिवत नाही याचे बरेचसे उत्तर त्याच्या नजरेतच मिळते. सिअ‍ॅटलमध्ये २००६ पासून झालेल्या प्रयोगांत एका विशिष्ट मुखवट्याने कावळे पकडले गेले. तो मुखवटा पुढे वर्षानुवर्षे त्यांनी ओळखला आणि न पकडलेल्या कावळ्यांनीही त्याच्यावर काव काव केली. कावळ्याच्याच कुळातल्या जॅकडॉ पक्ष्यांवरचा २००९ चा अभ्यास तर थेट घाटावरचा वाटतो: अनोळखी माणूस खाण्याकडे टक लावून पाहत असला की ते पक्षी खाणे उचलायला अधिक वेळ लावतात. घाटावर वीस-तीस माणसे श्वास रोखून पिंडाकडे पाहत असतात. कावळ्याला मृताची इच्छा दिसत नसेल, पण त्या माणसांचे डोळे त्याला नक्की दिसतात. श्रद्धावंतांना हे स्पष्टीकरण विधीचा अपमान वाटेल. मला उलट वाटते. शोकातल्या माणसाने आपला आग्रह बाजूला ठेवावा, मागे सरावे, नजर वळवावी आणि एका पाखराला निर्भयपणे पाहू द्यावे, हे त्या विधीतले खरे धर्मतत्त्व आहे आणि त्याला चमत्काराची गरज नाही. कावळा फार वेळ आला नाही की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. अडचणीतल्या माणसासाठी ही सोय ठीक आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दर्भाच्या कावळ्याला डोळे नसतात. घाटावर आपण दर्भ हाती घेण्यापूर्वी तासन्‌तास खऱ्या कावळ्याची वाट पाहतो. सड्यांवर आणि माळांवर मात्र आपण पहिल्यापासूनच डोळे नसलेल्या पक्ष्याला गृहीत धरून बांधकाम करत आलो आहोत.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्या बदलून नव्या उभारण्याचे धोरण जाहीर केले. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या सड्यांवरच्या, तसेच सांगलीत ढालगावच्या माळावरच्या जुन्या चक्क्यांची पाळी त्यात यायची आहे. एक पाते काळे रंगवायचे तर ते चक्की उभी राहण्याआधी, जमिनीवर असतानाच रंगवणे सोपे आणि स्वस्त. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावायच्या तर त्या तार ओढतानाच लावाव्यात. शिकारी पक्षी कुठे घिरट्या घालतात याची पाहणी जागा ठरण्यापूर्वी एक वर्षभर करावी. ही मागणी पक्षीमित्र करतीलच. पण ज्या ग्रामसभा सड्याची जमीन देतात, ज्या देवस्थानांच्या आणि जैन संस्थांच्या शब्दाला या दोन जिल्ह्यांत वजन आहे, ज्या व्यासपीठांवरून अहिंसेची प्रवचने होतात, त्यांनी ती धर्माची मागणी म्हणून करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे. येत्या चातुर्मासात एका तरी प्रवचनाचा विषय चाळकेवाडीचा सडा असावा.